वाचकांचे प्रश्न: फ्लॅशवर कुठला डिफ्युझर लावू?

या वेळी डिफ्युझरबद्दलचेच, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवायला त्याच्यावर लावतात त्या पांढऱ्या आवरणाबद्दलचेच, प्रश्न इतके आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवलेत. लग्नं, बारशी, दागिने, बेडूक, गणपती, विषय वेगवेगळे आहेत पण सगळ्यांचं दुखणं एकच, फ्लॅश मारला की फोटो कडक येतो, चेहरा चपटा दिसतो आणि मागे काळीकुट्ट सावली. आणि जवळजवळ सगळ्यांना वाटतंय की योग्य ते पांढरं प्लास्टिक सापडलं की काम होईल. म्हणून पहिलं उत्तर मुद्दाम लांब दिलंय, तुमचा विषय लग्नाचा नसला तरी ते वाचा, पुढची उत्तरं त्याच्यावरच उभी आहेत.

प्रश्न: ताई नमस्कार, मी मिरजेत लग्नाचे आणि छोट्या कार्यक्रमांचे फोटो काढतो. गोडॉक्सचा टीटी६८५ फ्लॅश आहे, त्याच्यावर ती पांढरी प्लास्टिकची टोपी लावतो तरी नवरीच्या कपाळावर चमक येते, मुंडावळ्यांची सावली गालावर पडते, नथीची ओठावर पडते. मित्र म्हणतो टोपी टाकून दे आणि सिलिकॉनचा मोठा गोल डोम घे, तो महाग आहे. घेऊ का? (एक वाचक, मिरज)

उत्तर: थांबा, एवढ्यात पैसे घालू नका. आधी एक गोष्ट करून बघा. रात्री गच्चीवर जा, जिथे वर छत नाही आणि आजूबाजूला भिंती नाहीत, जिन्याची एखादी भिंत तेवढी असू दे. कोणालातरी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभं करा, सहा-सात फुटांवरून एक फोटो नुसत्या फ्लॅशने काढा आणि एक टोपी लावून. मागच्या सावलीची कड दोन्ही फोटोंत जवळपास सारखीच दिसेल. मग तीच टोपी घेऊन घरातल्या पांढऱ्या छताच्या खोलीत या, फ्लॅशचं डोकं वर करा आणि परत काढा, सावली एकदम विरघळलेली दिसेल. टोपी तीच, फ्लॅश तोच, मग बदललं काय तर छत आलं.

उजेड मऊ होतो तो मटेरियलने नाही, तो होतो उजेडाचा उगम किती मोठा आहे आणि माणसापासून किती जवळ आहे याने, म्हणजे माणसाच्या जागेवरून बघितलं तर तो केवढा दिसतो याने. सूर्य घ्या, त्याचा व्यास साधारण १४ लाख किलोमीटर, पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे, त्यामुळे आकाशात तो अर्ध्या अंशाचा दिसतो, हात लांब करून करंगळी धरली तर तिच्यामागे अख्खा लपतो, म्हणून भर दुपारच्या सावल्या ब्लेडने कापल्यासारख्या. तोच सूर्य ढगाआड गेला की उजेड अख्ख्या आभाळातून यायला लागतो आणि सावली जवळजवळ गायब. आता तुमच्या फ्लॅशचं डोकं आहे सात-आठ सेंटीमीटर रुंद, टोपी लावल्यावरही तेवढंच राहतं, एखादा सेंटीमीटर वाढला असेल. आठ फुटांवरच्या नवरीला ते ठिपक्याएवढंच दिसणार. मुंडावळ्यांची सावली पडणारच.

मग टोपी करते काय, तर ती उजेड सगळीकडे उधळते, पुढे, मागे, वर, बाजूला, आणि त्यातला जो छताला आणि भिंतींना आपटून परत येतो तो मऊ असतो कारण आता छताचा चार-पाच फुटांचा पट्टा तुमचा दिवा झालाय. खोली छोटी, छत पांढरं, दहा फुटांच्या आत, तर टोपी छान काम करते. लॉनवर मात्र तो सगळा उजेड आभाळात जातो, तुमचा एक ते दोन स्टॉप वाया, म्हणजे निम्मा किंवा अगदी पाव उजेडच पुढे पोचतो, फ्लॅश जास्त जोरात मारावा लागतो, सेल लवकर उतरतात, रिसायकल व्हायला, म्हणजे परत पेटायला तयार व्हायला, वेळ लागतो आणि नेमका मंगळसूत्राच्या वेळी फ्लॅश पेटत नाही. हे असलं नुकसान लोक मऊ उजेडाच्या आशेने रोज करून घेतात आणि बदल्यात त्यांना काहीच मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सिलिकॉनचा डोम तुमच्या टोपीपेक्षा थोडा मोठा असतो, पडला तरी फुटत नाही, बॅगेत चेपून बसतो, काहींमध्ये रंगीत जेल, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारी पारदर्शक प्लास्टिकची चकती, ठेवायला जागा असते, या सोयी चांगल्याच आहेत. पण तत्त्व टोपीचंच. खोलीत दोन्ही चालतील, लॉनवर दोन्ही नाही.

तुमच्या कामाला मी असं सांगेन. कार्यालयाचं छत पांढरं आणि फार उंच नसेल तर टोपी काढून ठेवा आणि सरळ बाउन्स करा, म्हणजे उजेड छतावर किंवा भिंतीवर आपटवून परत आणा, डोकं नुसतं वर नको, कारण सगळा उजेड वरून आला तर डोळ्यांच्या खोबणीत अंधार होतो, त्यापेक्षा वर आणि थोडं मागे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवा, म्हणजे उजेड एका बाजूने येतो आणि चेहऱ्याला आकार येतो. फ्लॅशच्या डोक्यात आत सरकवलेलं ते पांढरं छोटं कार्ड असतं ना, ते बाहेर काढा, किंवा स्टेशनरीच्या दुकानातली पांढरी फोम शीट पोस्टकार्डाएवढी कापून रबरबँडने मागे लावा, त्याने थोडा उजेड पुढे ढकलला जातो आणि डोळ्यात चमक येते. कॅमेरा १/१२५, एफ ४, आयएसओ ८०० ते १६०० पासून सुरू करा, आजकालचे कॅमेरे १६०० ला घाबरत नाहीत आणि फ्लॅशवरचं ओझं खूप कमी होतं. छत वीस फुटांवर असेल किंवा काळ्या रंगाचं फॉल्स सीलिंग असेल तर बाउन्सचा नाद सोडा. भिंत गुलाबी किंवा हिरवी असेल तरी तिच्यावर बाउन्स करू नका, नवरीचा चेहरा त्या रंगाचा होतो आणि नंतर एडिटिंगमध्ये तो नीट निघत नाही, शालू बिघडतो.

आणि डोमचे पैसे वाचवून फोटोग्राफीची एक पांढरी छत्री, एक स्टँड आणि एक ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावरून लांबचा फ्लॅश पेटवणारं यंत्र, घ्या. टीटी६८५ मध्ये रेडिओ रिसीव्हर आतच आहे, त्यामुळे कॅमेऱ्यावर गोडॉक्सचा तुमच्या कॅमेऱ्याचा ट्रिगर लावला की झालं. ४०-४३ इंचाची छत्री नवरा-नवरीपासून चार-पाच फुटांवर, डोक्याच्या जरा वर, एका बाजूने. मुंडावळ्यांची सावली उरेल पण तिची कड इतकी पसरेल की ती रेघ वाटणार नाही. कपाळावरची चमक म्हणजे घामावर आणि तेलावर दिसणारं तुमच्या दिव्याचंच प्रतिबिंब असतं, दिवा मोठा झाला की प्रतिबिंब पसरतं आणि त्याचा जोर कमी होतो, पूर्ण जात नाही, म्हणून टिश्यू पेपर खिशात ठेवा आणि फोटोआधी नवरीच्या करवलीला द्या.

एक सांगायचं राहिलं, स्टेजवर दहा-पंधरा जणांचा ग्रुप उभा राहिला की तीच छत्री जवळ ठेवू नका. अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो, त्यामुळे छत्री पहिल्या माणसापासून तीन फुटांवर आणि दुसरा सहा फुटांवर असेल तर दुसऱ्याला पहिल्याच्या पाव उजेड मिळतो, एका टोकाचे मामा पांढरेफटक आणि दुसऱ्या टोकाच्या काकू अंधारात. ग्रुपसाठी छत्री दहा-बारा फूट मागे न्या, पॉवर वाढवा. थोडी कडक होईल, चालेल, सगळ्यांचे चेहरे दिसणं महत्त्वाचं.

प्रश्न: हळद दुपारी बारा वाजता उघड्या अंगणात असते. तिथे फ्लॅशला डिफ्युझर कुठला लावावा? (एक वाचक, बार्शी)

उत्तर: कुठलाच नाही. तिथे फ्लॅशचं काम फक्त सूर्याने केलेल्या सावल्या थोड्या भरून काढायचं आहे, आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची स्वतःची सावली माणसाच्या मागे लपते, ती मऊ आहे की कडक हे कोणाला दिसतही नाही. उलट भर उन्हात फ्लॅशला सगळी ताकद लागते, आयएसओ १००, शटर १/२००, अपर्चर एफ ११ च्या आसपास जातं, अशात डिफ्युझर लावला तर फ्लॅश पेटला की नाही हेच कळणार नाही. उघडा फ्लॅश, टीटीएलवर, म्हणजे फ्लॅशचा जोर कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, उणे एक स्टॉप. शटर १/२०० च्या वर न्यायचं तर एचएसएस, म्हणजे वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवायचा मोड, लावावं लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद आणखी घटते हे लक्षात असू द्या.

डिफ्युझर सूर्यालाच लावा. वर पांढरं मांडवाचं कापड ताणून बांधायला सांगा, पांढरंच, पिवळं नको, हळदीत आधीच सगळं पिवळं असतं. नाहीतर पाच-इन-वन रिफ्लेक्टरच्या आतला जो अर्धपारदर्शक गोल असतो तो दोघांना नवरीच्या डोक्यावर धरायला लावा. ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांना आदल्या दिवशीच हे बोलून ठेवा, ऐनवेळी कोणी ऐकत नाही.

प्रश्न: मॅडम, मी सावंतवाडीजवळ शाळेत शिकवतो, पावसाळ्यात आंबोलीला बेडूक, किडे, कोळी यांचे मॅक्रो फोटो काढतो, १०० एमएमची मॅक्रो लेन्स आणि एक साधा फ्लॅश आहे. ओल्या बेडकाच्या अंगावर पांढरे डाग येतात, भुंग्याच्या पाठीवर तर रंगच दिसत नाही. बाजारातले मॅक्रो डिफ्युझर परदेशातून मागवावे लागतात. घरी करता येईल का? (एक वाचक, सिंधुदुर्ग)

उत्तर: करता येईल, आणि तुमच्या कामात डिफ्युझरवर घातलेला प्रत्येक तास वसूल होतो. वर लग्नाच्या उत्तरात मी छोट्या डिफ्युझरला नाही म्हटलं, पण तेच गणित इथे तुमच्या बाजूने उलटं फिरतं. तुमचा बेडूक चार-पाच सेंटीमीटरचा, भुंगा त्याहून लहान, आणि १०० एमएमच्या लेन्सवर १:१ ला, म्हणजे प्राणी सेन्सरवर खऱ्या आकाराएवढा उमटतो तितकं जवळ, गेलात की लेन्सच्या तोंडापासून प्राणी साधारण तेरा-पंधरा सेंटीमीटरवर असतो. तेवढ्या जवळ ए४ कागदाच्या निम्म्या आकाराचा पांढरा पडदा धरला तर भुंग्याला तो ढगाळ आभाळाएवढा दिसतो. लग्नात जे मिळवायला छत्री लागते ते इथे एका वहीएवढ्या तुकड्यात मिळतं.

आधी लेन्सचं हूड काढा, ते उजेड अडवतं. नळीसाठी चिप्सचा मोठा गोल डबा किंवा पुठ्ठा घ्या, आतून स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल चिकटवा, नळी फ्लॅशच्या डोक्यावर बसवून लेन्सच्या टोकापर्यंत पुढे आणा आणि तिच्या तोंडाला रुंद, खाली वाकलेला पडदा लावा, अगदी प्राण्याच्या डोक्यावर छपरासारखा येईल असा. पडद्याला ट्रेसिंग पेपर फार छान, पण आंबोलीच्या पावसात तो लगदा होतो, तिथे टीव्ही-मिक्सरच्या खोक्यात येतो तो पातळ पांढरा पॅकिंग फोम घ्या, किंवा दुधाळ प्लास्टिकचा कॅन कापा. आणि एकच थर लावून थांबू नका, दोन थर लावा आणि मधे दोन-तीन सेंटीमीटर जागा सोडा. एका थरात मधोमध जळजळीत ठिपका आणि कडा मंद असं होतं, आणि तोच ठिपका भुंग्याच्या पाठीवर उमटतो, पहिला थर उजेड पसरवतो आणि दुसरा तो सगळीकडे सारखा करतो. पडदा तयार झाला की स्टीलच्या चमच्याच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, चमच्यात तुमच्या डिफ्युझरचं चित्र दिसेल, जिथे ठिपका दिसतोय तिथे फोमचा आणखी एक तुकडा लावा. बेडकाचा डोळा आणि त्याच्या अंगावरचे पाण्याचे थेंब हे असेच छोटे आरसे आहेत, त्यात जो आकार दिसतो तो तुमच्या दिव्याचा, म्हणून रुंद, गोलसर पडदा असेल तर डोळा जिवंत दिसतो आणि दोन फ्लॅश दोन बाजूंना लावले की दोन चौकोनी ठिपके दिसतात, ते मला कधीच आवडत नाहीत.

सेटिंग १/१६०, एफ ११, आयएसओ २०० ते ४००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ किंवा १/१६ पॉवरला. कमी पॉवरला चमक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही खूप छोटी असते, त्यामुळे हात हलला, पान हललं तरी फोटो टिपला जातो आणि फ्लॅश लगेच परत तयार होतो. एफ १६, एफ २२ वर जायचा मोह होतो सगळं फोकसमध्ये यावं म्हणून, पण १:१ ला एफ ११ प्रत्यक्षात एफ २२ सारखं वागतं, त्याच्या पुढे गेलात तर फोटो भुरकट व्हायला लागतो. मागे सगळं काळं येत असेल तर प्राण्याच्या मागे एखादं पान येईल असा कोन शोधा किंवा आयएसओ वाढवा, पडदा बदलून ते सुटत नाही.

तुम्ही शिक्षक आहात, मुलंही तुमच्याबरोबर येत असतील, म्हणून हेही लिहिते. रात्री बेडकाचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, एकापाठोपाठ फ्लॅशचा भडिमार करू नका, दोन-चार फोटो, मग दिवा बंद. उचलून दुसऱ्या पानावर ठेवू नका. मलबार उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचं घरटं करतो, त्या फांद्या फोटोसाठी वाकवल्या तर अंडी पाण्याबाहेर पडतात. आणि आंबोलीचा जो टोड आहे, ज्याचं वर्णन शास्त्रात २००९ मध्ये झालं, तो जगात फक्त त्याच भागात सापडतो आणि अतिसंकटग्रस्त आहे, सड्यावरच्या पाण्याच्या उथळ डबक्यांत त्याची पिल्लं असतात, गुडघे टेकायच्या आधी खाली बघा.

प्रश्न: मी कोल्हापूरची, घरून साज, ठुशी, चांदीचे पैंजण विकते, फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवते. भावाने कॅमेरा आणि फ्लॅश दिला, त्यावर डिफ्युझर पण आहे, पण सोन्याचे मणी काळे-पांढरे दिसतात. मोबाइलने काढलेले बरे येतात. असं कसं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ताई, मोबाइलने तुम्ही खिडकीपाशी काढत असणार, म्हणून बरे येतात. धातू हा आरसा असतो, त्याच्यावर उजेड पडून तो दिसत नाही, समोर जे असेल ते त्याच्यात दिसतं. साजाचा प्रत्येक मणी गोल, म्हणजे प्रत्येक मण्यात अख्खी खोली दिसते, तुमची खोली अंधारी आणि मधे फ्लॅशचा पांढरा ठिपका, म्हणून मणी काळा-पांढरा. इथे फ्लॅशवरचा डिफ्युझर पुरणार नाही, दागिन्याला जिकडे तिकडे पांढरंच दिसलं पाहिजे.

दागिना टेबलावर ठेवा, त्याच्यावर अर्ध्या गोलात मोठा ट्रेसिंग पेपर उभा करा, बेकरीवाला बटर पेपर पण चालेल, किंवा धुतलेली पांढरी चादर दोन खुर्च्यांवरून टाका, आणि फ्लॅश बाहेरून त्या कागदावर मारा, दोन-तीन फूट मागून, म्हणजे अख्खा कागद उजळेल. कागद जितका दागिन्याजवळ तितकं छान. कॅमेरा कागदातल्या एका फटीतून. सगळं पांढरं केलंत की कधीकधी दागिना धुतल्यासारखा फिका दिसतो, मग काळ्या कार्डशीटच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून दागिन्याच्या दोन बाजूंना चित्राबाहेर उभ्या करा, मण्यांना काळी बारीक कड येते आणि आकार उठून दिसतो, हे करून बघाच, फरक बघून खूश व्हाल. खडे असतील तर त्यांना उलट छोटा कडक दिवाच लागतो, मोठ्या मऊ उजेडात खडा मेल्यासारखा दिसतो, तिथे एका बाजूने साधा एलईडी टॉर्च मारा.

खोलीतले दिवे बंद ठेवा. फ्लॅशचा उजेड साधारण ५५०० केल्विनचा आणि घरातला पिवळा बल्ब २७०० ते ३००० चा, दोन्ही मिसळले की सोनं एका बाजूला निळसर आणि दुसऱ्या बाजूला तांबूस दिसतं, गिऱ्हाईक नंतर रंगावरून भांडतं. आणि खरं सांगायचं तर रोज दोन-तीनच वस्तू टाकायच्या असतील तर फ्लॅश भावाला परत द्या. उत्तरेकडची खिडकी, तिला पांढरा पडदा, समोरच्या बाजूला पांढरा कार्डबोर्ड, आणि मोबाइल तिवईवर. मोबाइलचा स्वतःचा फ्लॅश मात्र कधीच लावू नका, तो काही मिलिमीटरचा ठिपका आहे, त्याच्याएवढा कडक उजेड दुसरा नाही.

प्रश्न: माझ्या जुन्या डीएसएलआरला वरती उघडणारा फ्लॅश आहे. बाळाचे फोटो घरात काढायचेत, त्याच्यावर टिश्यू पेपर लावला तर मऊ होईल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: मंद होईल, मऊ नाही होणार, कारण आकार तेवढाच राहिला. त्यापेक्षा जाड पांढरं कार्ड किंवा फॉइल चिकटवलेलं कार्ड फ्लॅशसमोर ४५ अंशात तिरकं धरा म्हणजे उजेड छताकडे जाईल. त्या छोट्या फ्लॅशमध्ये ताकद कमी असते त्यामुळे आयएसओ १६०० ठेवा आणि अपर्चर पूर्ण उघडा. जमेल तेव्हा डोकं फिरणारा साधा फ्लॅश घ्या, फ्लॅटचं पांढरं छत नऊ-दहा फुटांवर असतं, बाउन्सला याहून चांगली जागा मिळणार नाही, डिफ्युझर घ्यायची गरजच नाही. बाळाच्या तोंडासमोर जवळून सरळ फ्लॅश मारू नका, ते दचकतं आणि पुढचे सगळे फोटो रडण्याचेच येतात.

प्रश्न: गणपतीत आरतीच्या वेळी फ्लॅश मारला की मूर्ती चकचकीत आणि समईचा उजेड गायब. डिफ्युझर लावूनही तेच. (एक वाचक, बडोदा)

उत्तर: समई गायब होते ती फ्लॅशच्या जोराने आणि वेगवान शटरने, डिफ्युझरचा त्यात काही संबंध नाही. एक गोष्ट मनात घट्ट धरा, शटर समईचं आणि पॉवर मूर्तीची. फ्लॅशची चमक इतकी छोटी असते की शटर १/२०० असो की १/१५, फ्लॅशचा उजेड तेवढाच येतो, पण समईचा उजेड शटर जितका वेळ उघडं तितका साठत जातो. कॅमेरा तिवईवर, आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१५ पासून, आधी फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि ज्योत आणि तिचा मखरावरचा उजेड मनासारखा आला की मगच फ्लॅश चालू करा, उणे दोनवर, बाजूच्या पांढऱ्या भिंतीवर बाउन्स करून. फ्लॅशच्या तोंडाला नारिंगी सीटीओ जेलचा, म्हणजे फ्लॅशचा उजेड बल्बसारखा पिवळसर करणाऱ्या जेलचा, तुकडा लावा, नाहीतर मूर्ती निळसर आणि समई पिवळी असं होईल. फुल सीटीओने फ्लॅश ३२०० केल्विनच्या आसपास येतो, ज्योत त्याहूनही तांबूस असते, ती तशीच राहू द्या, ती तशीच छान दिसते. मूर्तीच्या रंगावर वॉर्निश असेल तर समोरून उजेड नकोच, बाजूनेच हवा, म्हणजे चमक कॅमेऱ्याकडे न येता दुसरीकडे जाते. आरतीत हात हलणार, टाळ-झांजा हलणार, ते थोडं पुसट येऊ द्या.

आता थोडे छोटे प्रश्न, पटापट.

गोल डोक्याचा फ्लॅश, गोडॉक्स व्ही१ सारखा, जास्त मऊ असतो का, असं नाशिकहून विचारलंय. नाही. त्याचा उजेड मधून कडेकडे सारखा उतरत जातो, भिंतीवर चौकोनी कड दिसत नाही, आणि चुंबकाने डोम-जेल पटकन बसतात, घ्यायला चांगला आहे, पण डोकं छोटंच आहे त्यामुळे कडकपणा तोच.

डिफ्युझर लावल्यावर सेटिंग बदलायचं का, तर टीटीएलवर नाही, कॅमेरा लेन्समधूनच मोजतो आणि भरपाई करून घेतो, फ्लॅशची ताकद संपेपर्यंत. मॅन्युअलवर एक-दीड स्टॉप वाढवून सुरुवात करा. सॉफ्टबॉक्समध्ये, म्हणजे समोर पांढरं कापड असलेल्या कापडी पेटीत, किंवा छत्रीत फ्लॅश असेल तर फ्लॅशचं झूम हाताने २४ किंवा ३५ वर ठेवा, नाहीतर उजेड कापडाच्या मधेच पडतो आणि मोठ्या सॉफ्टबॉक्सचे पैसे देऊन तुम्ही छोटाच वापरता. हे फार जणांचं बघितलंय, सॉफ्टबॉक्सचा फोटो काढून बघा, कडेपर्यंत उजळलाय की मधेच, लगेच कळतं.

घरचा डिफ्युझर फ्लॅशच्या काचेला चिकटवून फुल पॉवरवर भराभर मारू नका, प्लास्टिक आणि जेल वितळून काचेला बसतात. बोटभर हवा राहू द्या.

प्रश्न: शेवटी सॉफ्टबॉक्स घेऊ की छत्री? एकच परवडेल. पोर्ट्रेट घरात, आणि कधीमधी लॉनवर रिसेप्शन. (एक वाचक, अकोला)

उत्तर: एकच असेल तर ६०-८० सेंटीमीटरचा छत्रीसारखा उघडणारा सॉफ्टबॉक्स घ्या, ज्याला फ्लॅश धरायचा एस-टाइप ब्रॅकेट लागतो तो. छत्री स्वस्त आणि मोठी असते पण ती उजेड चहूकडे फेकते, घरातल्या छोट्या खोलीत तो सगळा भिंतींवरून परत येतो आणि चेहऱ्याची सावलीची बाजूच नाहीशी होते, कधीकधी तेही हवं असतं, पण रोज नाही. सॉफ्टबॉक्स उजेड हवा तिकडेच पाठवतो, मागची भिंत अंधारी ठेवता येते. मिरजेच्या वाचकांना मी छत्री सांगितली कारण त्यांना स्टेजवरचे मोठे ग्रुप घ्यायचेत, तुमचं काम एक-दोन माणसांचं आहे. पोर्ट्रेटला तो चेहऱ्यापासून त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढ्या अंतरावर आणा, फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत, बहुतेक जण तो फार लांब ठेवतात, आणि सहा फुटांवर गेलेला ६० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स परत छोटाच झाला. आतला छोटा पडदा काढू नका, तो असेल तरच उजेड कडेपर्यंत सारखा पसरतो.

लॉनवर वारा असतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका, नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन मधल्या दांड्याला लटकवा, आणि तरीही एका माणसाला तिथेच उभं ठेवा, लहान मुलं पळत असतात.